युनियनचा हिशेब मागताना सुरुवात जमेच्या बाजूने करा

तुमची अडचण थोडक्यात अशी: अंधेरीतला कारखाना, 400 कामगार, सगळे एकाच युनियनचे सभासद. महिन्याला 50 रुपये वर्गणी पगारातून कापली जाते. मागच्या पगारवाढीच्या करारानंतर मिळालेल्या फरकाच्या रकमेतून प्रत्येकाकडून 4,000 रुपये युनियन निधी म्हणून घेतले. त्याचा हिशेब विचारला, तर कमिटीतले लोक 'तू मॅनेजमेंटचा माणूस आहेस' म्हणतात. तक्रार कुठे करायची आणि तोवर वर्गणी बंद करायची का, असं तुम्ही विचारलंय.

मी भांडुपच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात बरीच वर्षं युनियनचा खजिनदार होतो. त्या अनुभवावरून सांगतो, हिशेब मागणारा सभासद युनियन फोडत नसतो. तो युनियनचंच काम करत असतो. 'मॅनेजमेंटचा माणूस' हा शिक्का मारून प्रश्न बंद करणं मला फार लागतं, कारण त्याने खरा फायदा मॅनेजमेंटचाच होतो. ज्या युनियनच्या पैशाबद्दल गेटवर कुजबुज असते, तिच्या हाकेला संपाच्या दिवशी माणसं बाहेर पडत नाहीत.

कायदा तुमच्या बाजूने आहे आणि आजचा नाही, 1926 पासूनचा आहे. त्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम 20 प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि सभासदांची यादी बघण्याचा हक्क साध्या सभासदालाही होता. कलम 28 प्रमाणे ऑडिट झालेला जमाखर्च दरवर्षी निबंधकाकडे, म्हणजे युनियनची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, पाठवावा लागे. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात गेला, पण या दोन्ही गोष्टी तिच्यातही आहेत. युनियनच्या मान्यतेबद्दलच्या महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियनवर आणखी बंधनं घातली: कार्यकारिणीची बैठक निदान तीन महिन्यांतून एकदा, प्रत्येक ठराव मिनिट बुकात, आणि सरकारने नेमलेल्या ऑडिटरकडून हिशेब तपासणीची तरतूद. तेव्हा 'हे आमचं अंतर्गत काम आहे' हे उत्तर सभासदाला देता येत नाही.

आता मुद्द्याचं. बहुतेक जण खर्चापासून सुरुवात करतात. चहापाणी एवढं कसं, टॅक्सी कशाला, वकिलाला इतके का? तिथे वाद घालून काही हाती लागत नाही. प्रत्येक खर्चामागे एक गोष्ट सांगता येते आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्याही असतात. रात्री बारा वाजता कामगाराला पोलीस ठाण्यातून सोडवायला धावलेल्या माणसाने पावती आणली नाही म्हणून तो चोर होत नाही. सस्पेंड झालेल्या सहकाऱ्याच्या घरी किराणा पोहोचवला, त्याचं व्हाउचर कोण बनवतो?

जमेच्या बाजूला मात्र गोष्टी सांगता येत नाहीत. तिथे नुसता गुणाकार असतो. 400 माणसं, 50 रुपये, 12 महिने: वर्गणीचे 2,40,000. कराराचे 400 गुणिले 4,000, म्हणजे 16,00,000. बघा, ज्या वर्गणीवरून कँटीनमध्ये चर्चा चालते ती रक्कम किरकोळ आहे. मुंबईत मी जिथे जिथे युनियनच्या पैशावरून भांडणं पाहिली, तिथे मूळ बहुधा कराराच्या निधीत होतं. तो एकरकमी येतो, आनंदाच्या दिवशी येतो, आणि त्या दिवशी पावती कुणी मागत नाही. तुमच्याकडून घेतलेल्या 4,000 ची छापील नंबराची पावती मिळाली का? पगारातून कापले असतील तर स्लिपवर काय लिहिलंय? 'वर्गणी', 'देणगी' की नुसतं 'इतर कपात'? हे आधी बघा.

मग निबंधकाकडे गेलेल्या जमाखर्चात हे 16 लाख जमेला दिसतात का, ते ताडून पाहा. एक काळजी घ्या: युनियनचं वार्षिक विवरण 31 डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाचं असतं, कंपनीसारखं मार्चअखेरचं नसतं. एप्रिल ते मार्चच्या स्लिपा जोडून बेरीज केलीत तर आकडे जुळणार नाहीत आणि तुम्हीच खोटे ठराल.

अर्ज एकट्याने करू नका. सह्यांचा अर्ज ही मुंबईच्या कामगारांची जुनी रीत आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं होतं. तुम्हाला पंधरा-वीस सह्या पुरेत, पण प्रत्येक खात्यातल्या आणि प्रत्येक शिफ्टमधल्या घ्या. अर्ज सरचिटणीसाच्या नावे, भाषा साधी, एकही आरोप नको. युनियनच्या घटनेची प्रत, मागच्या वर्षाचा ऑडिट झालेला जमाखर्च, बँक पासबुक आणि पावती पुस्तकं बघायला द्या, दिवस आणि वेळ तुम्ही कळवा, एवढंच लिहा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सही देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

एचआरकडे जाऊन 'युनियनला किती चेक दिला' हे विचारू नका. आकडा त्यांच्याकडे आहे, पण तो देताना ते तुमचं नावही लक्षात ठेवतील, आणि पुढच्या मागणीपत्राच्या वेळी हे भांडण टेबलावर येईल. तुमच्या स्लिपांत तोच आकडा आहे.

महिनाभरात उत्तर आलं नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) कामगार भवनात निबंधकाच्या कार्यालयात जा. युनियन स्वतः माहिती अधिकारात येत नाही म्हणतील, पण निबंधकाकडे दाखल झालेली विवरणं सरकारी कार्यालयात असतात. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा आणि मागच्या तीन वर्षांच्या प्रती मागा. विवरण भरलेलंच नाही असं कळलं, तर तेही मोठं उत्तर आहे. ते घेऊन निबंधकाकडे लेखी तक्रार करा आणि जनरल बॉडीतही वाचून दाखवा. पोलिसांत मात्र लगेच धावू नका. पैसे खाल्ल्याचा कागद हाती आला तरच फौजदारी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं, सोपवलेल्या पैशाच्या अपहाराबद्दलचं कलम 316.

पुस्तकं दाखवली तर शांतपणे बघा. केस खर्चाच्या व्हाउचरला केस नंबर, कोर्ट, तारीख आणि वकिलाची सही आहे का? आमच्याकडे या चार गोष्टी नसतील तर मी चेकवर सही करत नसे. चेकवर दोघांच्या सह्या असतात ना? रोख हातात किती ठेवायची याचा ठराव आहे ना? आम्ही आरंभीची शिल्लक, जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक असं एक पान दर महिन्याला पासबुकाच्या झेरॉक्ससह बोर्डावर लावायचो. पहिले दोन महिने गर्दी व्हायची, मग कुणी थांबूनही बघत नसे, आणि गेटवरची कुजबुज बंद झाली होती.

वर्गणी बंद करू नका. पुस्तकं बघण्याचा हक्क सभासदाचा आहे. बऱ्याच युनियनच्या घटनेत काही महिने वर्गणी थकली की नाव कमी करता येतं, आणि मग तुमच्या अर्जाला 'अर्जदार सभासद नाहीत' एवढं एका ओळीचं उत्तर पुरेल. मतही जाईल. घटनेची प्रत हाती आली की कार्यकारिणीची मुदत कधी संपते ते आधी शोधा, आणि खजिनदाराच्या जागेसाठी तुमच्यातला हिशेबाला पक्का माणूस आतापासून तयार ठेवा.