चौदा वर्षं झाली, भाऊ का सुटला नाही?

प्रश्न : वकीलसाहेब, 2011 च्या जानेवारीत, तूर सोंगायच्या वक्ताले, धुऱ्याच्या भांडणात माझ्या भावाच्या हातून खून झाला. 2013 मध्ये जन्मठेप झाली. मधात आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तीस दिवस पॅरोलवर आला होता. गावात म्हणतात, जेलात दिवस आन् रात्र वेगळी मोजतात. इथं तर पुरी 14 वर्षं झाली. पोळ्याले येईन म्हणून आईनं वाट पायली. तो काहून सुटला नाही?
– एक बहीण, तालुका दर्यापूर

उत्तर : ताई, दिवस-रात्रीचा हा हिशेब माझ्या एका पक्षकाराच्या भावानं इतका खरा धरला, की पुतणीच्या लग्नाची तारीखच काढून बसला. कायद्यात तसं कुठंही नाही.

जन्मठेप म्हणजे जन्मभर. गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 1961 मध्येच हे सांगितलं. मग 14 कुठून आले? 1978 मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 433-अ घातलं गेलं. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला प्रत्यक्ष 14 वर्षं भोगल्याशिवाय सोडायचं नाही, असं ते कलम. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 475 झालंय. ‘त्याआधी सोडू नका’ हे सरकारला बजावलंय. लोकांनी त्याचं ‘तेव्हा सोडतातच’ केलं. खरं सांगतो, वकिलीच्या पहिल्या वर्षी मीही तेच समजत होतो.

या 14 मध्ये खटला चालू असतानाचे कच्च्या कैदेचे दिवस धरतात. जेलात कामाची, चांगल्या वागणुकीची मिळालेली माफी धरत नाहीत. पॅरोलचे ते तीस दिवसही नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये स्पष्ट केलं.

त्यापुढे सरकारचं धोरण. शिक्षा झाली त्या दिवशीचं धोरण लागतं, म्हणजे तुमच्या भावाला 2010 चं. नंतरचं जास्त सवलतीचं असेल तर त्याचा फायदा मिळतो. रागाच्या भरात मारलं, की ठरवून, की चार जणांनी मिळून, यावरून वर्ग पडतो आणि वर्गाप्रमाणे वर्षं ठरतात. म्हणून पुढच्या मुलाखतीला भावाला दोनच गोष्टी विचारा: माझा वर्ग कोणता, आणि फाइल वर गेली का? धोरण असेल तर कैद्याच्या अर्जाची वाट न पाहता सरकारनं विचार करावा, असं सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी 2025 मध्ये म्हटलंय. तरी अर्ज द्याच. कागद टेबलावर असला की विचारायला तोंड राहतं. वकिलाला पैसे देऊ नका. कैदेतल्या माणसाला, मिळकत कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही. त्या धुऱ्याचं काय झालं? फाइल हलली की पोलीस गावात येऊन विचारतात, हा सुटला तर पुन्हा भांडण होईल का. मोजणी झाली नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयात आताच अर्ज टाका. पेरणीच्या आधी खुणा पडल्या पाहिजेत.