नवरा सतत कामात असतो. त्याच्यासोबत थोडा जास्त वेळ मिळावा म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की लग्नाला चार वर्षं झाली, नाशिकच्या सातपूरला नवऱ्याचा छोटा कारखाना आहे, शनिवारी मशिनी बंद असल्या तरी तो हिशेबाचं निमित्त काढून जातोच आणि घरी असला तरी डोकं तिकडेच असतं. शेवटी विचारलंय, 'मी जास्त अपेक्षा करतेय का?' नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला ते कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. मला सगळ्यांनी एकच सांगितलं, 'बाई, माल उतरेपर्यंत काही बोलू नकोस.'

माझा संसार द्राक्षवाल्याशी. राहतो मखमलाबाद रोडला, बाग दिंडोरी तालुक्यात. मी शाळेत शिकवते, त्यामुळे माझ्या सुट्ट्या दिवाळीत आणि मे महिन्यात. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठीची गोडी छाटणी झाली की पुढचे चार-साडेचार महिने आमचे हे बागेचे. डाऊनी या बुरशीरोगाची धास्ती, मणी फुगावेत म्हणून घड जीए या संजीवकात बुडवणं, दाटी झालेले मणी विरळ करणं, मग व्यापाऱ्यांच्या मागे फिरणं. माल गेला म्हणून हुश्श करावं तर एप्रिलात नव्या काड्यांसाठीची खरड छाटणी उभी.

पहिली काही वर्षं मी नुसती भांडले. लग्नाचा वाढदिवस फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात (मुहूर्त काढणाऱ्याला द्राक्षाचं काही कळत नसावं). एका वर्षी हट्टाने यांना मिसळ खायला नेलं. पापड मोडायच्या आत व्यापाऱ्याचे तीन फोन. माझा बांध फुटला, 'तुमच्याकडे माझ्यासाठी वेळच नाही.' हे म्हणाले, 'मग आत्ता कुठे बसलोय?' माणूस खरंच समोर बसला होता! वेळ द्या म्हणजे नेमकं काय करा, ते मलाच धड सांगता येत नव्हतं.

मग एका डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. पारा फारच उतरला की मण्यांना तडे जातात, म्हणून रात्री बागेत शेकोट्या करतात, पहाटे ठिबक सोडतात. विहिरीचं पाणी त्या मानाने कोमट असतं. हे रात्री दोनला निघाले. मला झोप येईना, म्हणाले मीही येते. काम असं फारसं नव्हतंच. ओळींच्या टोकाला काटक्या-पालापाचोळा पेटवायचा, जाळ न होऊ देता धुमसत ठेवायचा आणि बसायचं. थर्मासातला चहा पीत आम्ही पहाटेपर्यंत बसलो. त्या रात्री पहिल्यांदा कळलं की सोसायटीचं कर्ज किती आहे आणि मागच्या वर्षी एक व्यापारी पैसे बुडवून पळाला होता. मला वाटत होतं, यांना घरी यावंसं वाटत नाही. घरी आलं की मी विचारीन आणि सांगावं लागेल, ही खरी भीती होती.

आता हंगामात रविवारी मी बागेत जाते. मणी फोडून गोडी मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा, हे काम माझं. 'किती?' 'साडेसोळा.' 'अजून चार दिवस थांबू.' एवढंच बोलणं, पण ते माझ्याशी असतं.

आणि पावसाळ्यात बागेचं काम जरा हलकं असतं, तेव्हाचं एक ठरलेलं. तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी दोघांनीच करायची. रविवारी रात्रीच त्र्यंबकेश्वरहून निघतो, वीसेक किलोमीटर, पाऊस, चिखल, तोबा गर्दी. पुण्याचं देव बघून घेईल. मला रात्रभर नवरा मिळतो आणि मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो.

तुमची अडचण थोडी वेगळी आहे, हे कळतं. द्राक्षाला श्रावण असतो, कारखान्याला नसतो. तो तुम्हालाच नेमून घ्यावा लागेल. 'वेळ दे' म्हणू नका, 'दर गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर सोमेश्वरच्या देवळापर्यंत चक्कर' असं म्हणा, म्हणजे मोडलं तर मोडलं हे दोघांनाही दिसतं. ऑर्डरी नसलेल्या दिवसांतही तो सारखा मोडायला लागला, तर मात्र ते कामाचं नाही. तेव्हा आडून न बोलता सरळ विचारा, माझ्यासारखी सहा वर्षं घालवू नका.

आधी एका शनिवारी दोघांचा डबा घेऊन सातपूरला जा आणि त्या हिशेबाच्या वह्यांशेजारी बसा. तो अवघडेल. हेही अवघडले होते, 'तू कशाला गारठ्यात येतेस' म्हणाले. मग कपाटातून माझी कानटोपी मात्र यांनीच शोधून दिली.