नडगीत रॉड असताना स्कायडायव्हिंगला परत येताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ए लायसन्स (स्कायडायव्हिंगचा पहिला परवाना), ४१ जंप. कुंपण टाळायला साधारण १०० फुटांवर एक टॉगल (पॅराशूट वळवायच्या दोरीची मूठ) खाली ओढून वळलात, नडगीची दोन्ही हाडं मोडली, त्यातल्या मोठ्या हाडात, टिबियात, रॉड बसला. आता ११ महिने झालेत, डॉक्टर ‘खेळायला हरकत नाही’ म्हणालेत, वजन ७८ वरून ८६ किलोवर गेलंय आणि पुढच्या महिन्यात ॲरिझोनात स्वतःच्याच १९० चौरस फुटांच्या कॅनपीवर (पॅराशूटच्या छत्रीवर) उडी मारायची आहे.

जरूर परत या. पुढचा महिना की त्यानंतर, हे पायाला ठरवू द्या. १९० वर मात्र नको.

आधी वजनाचा हिशोब. ८६ किलो म्हणजे १९० पौंड, त्यात रिग (पाठीवरचा पॅराशूटचा सगळा संच) आणि कपड्यांचे साधारण २५ धरा. २१५ पौंड भागिले १९० चौरस फूट, म्हणजे विंग लोडिंग (कॅनपीच्या दर चौरस फुटावरचं वजन) १.१३. अपघाताच्या वेळी ते १.०४ होतं, म्हणजे तेव्हाच इतक्या कमी जंपना जास्त होतं. आता तीच कॅनपी आणखी वेगाने उतरेल आणि चूक सावरायला आणखी कमी वेळ देईल. भाड्याने २३० घ्या, लोडिंग ०.९३ येतं.

डॉक्टरांकडे पुन्हा एकदा जा. स्कायडायव्हिंगचं लँडिंग म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असेलच असं नाही, म्हणून तेच आधी सांगा: बिघडलं तर धावत्या वेगात जमिनीवर आदळणं. मग नेमकं विचारा. समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेत हाड चारपैकी किमान तीन बाजूंनी जुळलेलं दिसतंय का? रॉडचे स्क्रू शाबूत आहेत का? रॉड पुढे काढायचा आहे का? काढायचा असेल तर आधी ते उरका. स्क्रूची भोकं भरेपर्यंत हाड तिथे कमजोर असतं. रक्त पातळ करणारी किंवा गुंगी आणणारी कुठलीही गोळी चालू असेल तर जंप नाही.

आता घरी करायच्या चाचण्या. भिंतीसमोर पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि अंगठ्यापासून भिंतीचं सर्वात जास्त अंतर मोजा. दोन पायांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर घोटा अजून आखडलेला आहे. तो वाकला नाही तर धक्का सरळ नडगीत जातो. मग एका पायावर टाच वर-खाली करा. चांगला पाय २५ वेळा करत असेल तर दुखरा किमान २२-२३ वेळा करायला हवा. एका पायावरची लंगडी उडीही चांगल्या पायाच्या ९० टक्के अंतर जायला हवी. हे जमलं की गवतावर आधी ३० आणि मग ६० सेंटिमीटर उंचीवरून दोन्ही पायांवर उतरा. दुसऱ्या दिवशी नडगी ठणकली किंवा सुजली तर एक पायरी मागे या.

टिबियात रॉड बसवलेल्या बऱ्याच जणांचा गुडघा पुढून दुखतो, विशेषतः टेकताना. सेस्ना १८२ मध्ये दाराशी गुडघ्यांवरच सरकावं लागतं. रिग घालून घरात पाच मिनिटं गुडघ्यांवर बसून बघा. दुखलं तर नीपॅड घ्या.

पीएलएफचा (पॅराशूट लँडिंग फॉल, म्हणजे टेकताच लोळून धक्का अंगभर वाटून घेणं) सराव मी सगळ्यांत वर ठेवेन. पावलं आणि गुडघे घट्ट जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला, दोन्ही हात आत. आधी चवडे, मग पोटरीची बाजू, मांडी, कुल्ला आणि शेवटी विरुद्ध खांद्यामागचा मांसल भाग. रोज दोन्ही बाजूंना दहा-दहा. दुखापतीनंतर माणूस नकळत फक्त चांगल्या पायाच्या बाजूला लोळतो, आणि बाजू निवडायची संधी वारा देत नाही. पाय वाचवण्यासाठी बसून घसरत उतरायची सवय कृपा करून लावून घेऊ नका. जमीन खडबडीत निघाली की सगळा मार कंबरेच्या मणक्यांवर येतो.

पाय मोडला त्याचं कारण १०० फुटांवरचं वळण होतं, आणि ते रॉडने दुरुस्त झालेलं नाही. एक टॉगल पूर्ण ओढला की कॅनपी कलते, सूर मारते, आणि पुन्हा सरळ व्हायला तिला उंची लागते. १०० फुटांवर ती उरत नाही. त्याऐवजी दोन्ही टॉगल अर्ध्या ब्रेकवर (म्हणजे अर्धे खाली) आणा आणि मग एकच थोडा आणखी खाली घ्या. कॅनपी जवळजवळ सपाट वळते, उंची कमी जाते. परतीच्या पहिल्या उडीत पॅराशूट ५,००० फुटांवर उघडा (ए लायसन्सची किमान मर्यादा ३,००० आहे) आणि २,००० फुटांच्या वर दोन्ही प्रकारे ९० अंश वळून बघा. दर वेळी अल्टिमीटर वाचा, फरक लक्षात राहील. ३०० फुटांवर फायनलला (उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्याला) आलात की त्यानंतर फक्त लहान दुरुस्त्या. वारा पाठीमागून आला तरी तसंच उतरा. ताशी १० मैलांच्या वाऱ्यात जमिनीवरचा वेग वाऱ्यासमोर उतरण्यापेक्षा २० मैलांनी जास्त असतो. तो पीएलएफने झेलता येतो, कललेल्या कॅनपीखाली आदळणं झेलता येत नाही.

शेवटच्या दहा फुटांत आणखी एक गोष्ट घडते, ती नीट समजून घ्या. दुखऱ्या पायाची धास्ती असली की नजर थेट पावलांकडे जाते, जमीन अंगावर आल्यासारखी वाटते आणि फ्लेअर (टेकण्याआधी वेग कमी करायला दोन्ही टॉगल खाली ओढणं) लवकर होतो. मग शरीर चांगल्या पायाकडे झुकतं आणि पडणार असं वाटलं की त्या बाजूचा हात आधारासाठी खाली जातो. हातात टॉगल असतो, तोही खाली जातो, कॅनपी त्याच बाजूला वळते आणि पाय तिरका टेकतो. म्हणून नजर पुढे, क्षितिजाकडे झुकलेली. हात समान, छातीसमोरून खाली. पडलात तरी टॉगल सोडून हात टेकवायचा नाही.

पोटरी बारीक झाली असेल तर फ्रीफॉलमध्ये (पॅराशूट उघडण्याआधी पडताना) पाय सारखे राहत नाहीत आणि शरीर आपोआप गोल फिरू लागतं. विंड टनेलमध्ये (खालून जोराची हवा येणाऱ्या उभ्या बोगद्यात) दहा मिनिटांत ते कळतं.

कपाटातली रिग रिगरकडे (पॅराशूट तपासून घडी घालणाऱ्या तंत्रज्ञाकडे) न्या. रिझर्व्हचं (राखीव पॅराशूटचं) १८० दिवसांचं रिपॅक, म्हणजे पुन्हा घडी घालण्याची मुदत, नक्कीच संपलंय. एएडीची (राखीव पॅराशूट आपोआप उघडणाऱ्या यंत्राची) तारीखही बघून घ्या. रिपॅकच्या आधी रिगरसमोर रिग घालून कटअवे (मुख्य पॅराशूट सोडून देणारं) आणि रिझर्व्ह हँडल स्वतः ओढा. खऱ्या हँडलला किती जोर लागतो हे कळण्याची याहून चांगली संधी नाही.

यूएसपीएच्या (अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या) शिफारशीप्रमाणे ए लायसन्सधारकाला ६० दिवसांचा खंड पडला की निदान एक जंप इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली करायची असते. तुम्हाला ११ महिने झालेत, त्यामुळे जमिनीवरचं पूर्ण प्रशिक्षण आपणहून मागा. रॉडबद्दलही इन्स्ट्रक्टरला सांगून ठेवा. यूएसपीएचा विमा तुम्ही दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरतो, तुमच्या पायाचा खर्च नाही. तुमच्या आरोग्य विम्याची अपवादांची यादी आधी वाचा.

वारा विद्यार्थ्यांसाठी ताशी १४ मैलांपर्यंत चालतो. तुम्ही पहिल्या दहा जंपना १० वर थांबा, झोत असतील तर जमिनीवरच राहा. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात दुपारची हवा विरळ असते, कॅनपी वेगाने उतरते. सकाळचे पहिले लोड (विमानाच्या फेऱ्या) घ्या.

प्रत्येक लँडिंगचा व्हिडिओ कुणाकडून तरी समोरून काढून घ्या आणि फक्त हात बघा. सलग दहा लँडिंगमध्ये ते समान खाली आले, ठरवलेल्या जागी उतरलात आणि वजन उतरलं, तर पुढची पायरी २१०. १९० चा विचार त्यानंतर, कॅनपी कोचने ते व्हिडिओ पाहिल्यावर.