एचेवेरिया आणि झेवियर

प्रश्न : मेक्सिकोचे माजी राष्ट्राध्यक्ष लुईस एचेवेरिया आणि अर्जेंटिनाचे लेखक एस्तेबान एचेवेरिया एकाच घराण्यातले का? सेंट झेवियर यांचं नावही मुळात हेच आडनाव, असं कुणीतरी सांगितलं. खरं का?

उत्तर : झेवियरचं आधी सांगतो, कारण मला तेच सांगायची घाई झाली आहे. हो, खरं आहे!

आडनाव स्पेनचं असलं तरी शब्द स्पॅनिश नाही, बास्क आहे, म्हणजे स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क लोकांच्या भाषेतला. 'एत्शे' म्हणजे घर, 'बेरी' म्हणजे नवं. एत्शेबेरिया म्हणजे सरळसरळ 'नवं घर'; स्पॅनिश वळणानं तेच एचेवेरिया. स्पेनच्या नावार्रा प्रांतात याच नावाचा एक वाडा होता. लोकांच्या तोंडी झिजत झिजत त्याचं 'शाविएर' झालं आणि पुढे स्पॅनिशमध्ये 'हावियेर', आपल्याकडे 'झेवियर'. १५०६ साली त्या वाड्यात फ्रान्सिस्को, म्हणजेच आपले सेंट झेवियर, जन्मला. वडिलांचं आडनाव हास्सो, आईचं आस्पिल्कुएता, वाडाही आईकडून आलेला. पण जगानं लक्षात ठेवलं ते घराचं नाव. पुढे संतावरून मुलांची नावं हावियेर ठेवू लागले, म्हणजे घराचं नाव माणसाचं पहिलं नाव होऊन बसलं.

आता तुमचे दोन एचेवेरिया. बास्क खेड्यांत माणूस घरावरून ओळखला जाई. जुन्या घराशेजारी कुणी नवं बांधलं की ते एत्शेबेरिया, आणि अशी नवी घरं गावोगाव. त्यामुळे १८०५ साली जन्मलेले एस्तेबान आणि १९७० ते ७६ सत्तेवर असलेले लुईस यांचं नातं नुसत्या आडनावावरून जोडता येत नाही.

बास्क माणसं समुद्रापार गेली, तसं आडनावही मेक्सिको, चिली, अर्जेंटिनात पोचलं. बिस्काया या बास्क प्रांतात 'बेरी'ला 'बारी' म्हणतात, म्हणून काही जण एचेवारिया. सुरुवातीचा 'ए' गळाला की चावारिया. फ्रान्सच्या बाजूचे बास्क लिहितात एचेवेरी. भाषांतरासाठी आलेल्या जुन्या चर्चनोंदींत बाप एचेवारिया आणि मुलगा चावारिया पाहून मी दोन दिवस दोन कुटुंबं समजून बसलो होतो. पाद्री कानावर पडेल तसं लिहीत, दोष कुणाला देणार?

स्पेनमध्ये १९९९च्या कायद्यानं आडनाव मूळ बास्क वळणानं लिहून घ्यायची मुभा दिली. त्यामुळे आता एचेवेरियाचा मुलगा अधिकृतपणे एत्शेबेरिया असू शकतो. वंशावळ शोधायला बसलात तर सगळी रूपं तपासा, आणि गावाबरोबर घराचं नावही.