नेमणूकपत्र नीट वाचा

वाचकांचे प्रश्न : सरकारी आणि स्वयंसेवी क्षेत्रातल्या नोकऱ्या

प्रश्न : एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं, शेवटचं सत्र नुकतंच संपलं. वेल्हे भागात काम करणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेनं 'क्षेत्र समन्वयक' म्हणून पत्र दिलंय. मानधन महिना २२,००० रुपये, मुदत ११ महिने. आईचं म्हणणं, त्यापेक्षा सरकारी योजनेत बघ. काय करू?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : आधी त्या पत्रातला 'मानधन' हा शब्द बघा. 'वेतन' असेल तर तुम्ही संस्थेच्या कर्मचारी ठरता. वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या संस्थेला पीएफ लागू होतो. तुमच्या मूळ पगारातून १२ टक्के जातात आणि तेवढीच भर संस्था घालते. मानधनावर मात्र बहुतेक संस्था तुम्हाला सल्लागार धरतात. मग पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, वर १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला प्राप्तिकर. म्हणजे २२,००० पैकी हातात येणार १९,८००. कापलेले २,२०० परत मिळतात, पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं. पहिल्या नोकरीतली बरीच मुलं ते भरतच नाहीत आणि ११ महिन्यांचे २४,२०० रुपये तसेच पडून राहतात.

दुसरा खर्च पेट्रोलचा. पुण्याहून वेल्ह्याला जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर होतात. आठवड्याला तीन फेऱ्या धरल्या तरी महिन्याला १,२०० किलोमीटर. गाडी लिटरला ४५ देत असेल तर सुमारे २७ लिटर, म्हणजे १०५ रुपयांच्या भावानं २,८०० रुपये. टायर आणि सर्व्हिसिंग वेगळंच. किलोमीटरमागे किती देणार, बिल किती दिवसांत निघणार, फिल्डवर अपघात झाला तर विमा आहे का, या तिन्हींची उत्तरं पत्रात लिहून घ्या. तोंडी 'देऊ की' यावर राहू नका. हे विचारलं म्हणून चांगली संस्था नाराज होत नाही, उलट माणूस व्यवहाराला पक्का आहे हे तिला कळतं.

मग विचारा, हे पद कुठल्या निधीवर आहे आणि तो निधी कधी संपतो. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी दिलेल्या, पैशावरची पदं बरेचदा ३१ मार्चला लटकतात, कारण नव्या वर्षाचा करार व्हायला मे-जून उजाडतो आणि मधले पगार रखडतात. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर तिला दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयाला द्यावे लागतात. त्यातली अनुसूची आठ, म्हणजे ताळेबंद, आणि अनुसूची नऊ, म्हणजे उत्पन्न-खर्चाचा तक्ता, अशी मागच्या तीन वर्षांची पानं बघायला मागा. अनुसूची आठमध्ये देण्यांच्या बाजूला 'खर्चापोटी' असा आकडा असतो. तो वर्षागणिक फुगत असेल तर पगार थकलेत का, हे थेट विचारा. हिशेब दाखवायला टाळाटाळ झाली, तर तिथे जाऊ नका असंच आम्ही सांगू.

आईंना एक सांगा. उमेद (बचत गटांसाठीचं राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या बऱ्याच जागाही कंत्राटी असतात, त्यामुळे जाहिरातीवर शासनाचं बोधचिन्ह आहे एवढ्यानं नोकरी कायम होत नाही. वरचे प्रश्न साफ सुटले तर वेल्ह्याची नोकरी घ्या. वर्षभर गावात बचत गटांच्या बैठका घेतलेल्या माणसाला उमेदच्या मुलाखतीतही बोलायला खूप असतं.

प्रश्न : मी बी.कॉम., वय २५. सदाशिव पेठेत तीन वर्षं राज्यसेवेचा अभ्यास करतोय. पूर्व परीक्षा दोनदा गेली. अभ्यासिका, खोली, मेस यांचा खर्च घरून येतो. थांबू का?
— एक वाचक, मूळ गाव बार्शी

उत्तर : दोन्ही वेळा कुठे अडलं, ते आधी शोधा. सामान्य अध्ययनात कमी पडलात की सी-सॅटमध्ये, म्हणजे आकलन आणि बुद्धिमापनाच्या पेपरात, ३३ टक्के, म्हणजे २०० पैकी ६६, झाले नाहीत? सी-सॅटला अडलेल्या मुलानं आणखी एक वर्ष इतिहास-भूगोल वाचून उपयोग नाही. त्यानं रोज वेळ लावून उतारे सोडवायला हवेत. सामान्य अध्ययनात अडलं असेल तर जुन्या उत्तरपत्रिका काढून चुकलेली उत्तरं मोजा. चार चुकांना एका बरोबर उत्तराचे गुण जातात, आणि अंदाजानं ठोकलेले प्रश्न किती हे मोजलं की डोळे उघडतात.

मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे. नऊ पेपर, त्यातले भाषेचे दोन फक्त पात्रतेपुरते. उरलेल्या सात पेपरांचे १,७५० गुण आणि मुलाखतीचे २७५. बहुपर्यायी प्रश्नांवर तयार झालेल्या हाताला तीन तास सलग लिहिणं जड जातं. आठवड्याला दोन उत्तरं लिहून ती कुणाकडून तपासून घेत नसाल, तर पूर्व परीक्षा निघूनही मुख्यला अडकाल.

आमचं मत स्पष्ट आहे. आणखी एकच पूर्व परीक्षा द्या, तीही काम करत. आजच तसं घरी सांगा आणि तारीख ठरवा. सोबत गट ब आणि गट कच्या संयुक्त परीक्षांचे अर्ज भरा. लिपिक-टंकलेखकासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिटाचं टायपिंग प्रमाणपत्र लागतं. ते काढायला काही महिने जातात, म्हणून जाहिरातीची वाट बघू नका. आणि बी.कॉम. कमी लेखू नका. संस्थांना टॅली येणारा, निधीनुसार वेगळे हिशेब ठेवणारा आणि उपयोगिता प्रमाणपत्राचे (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्याचे) कागद वेळेत लावणारा माणूस सहजी सापडत नाही. अर्धवेळ असं काम मिळालं तर मेसचा खर्च सुटेल.

प्रश्न : एमएसडब्ल्यू नाही, बी.एस्सी. आहे. सामाजिक क्षेत्रात शिरायला कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : फेलोशिपकडून. एसबीआय यूथ फॉर इंडिया १३ महिन्यांची, टीच फॉर इंडिया दोन वर्षांची. मुख्यमंत्री फेलोशिपला मात्र पदवीला ६० टक्के आणि एक वर्षाचा अनुभव मागतात, वय २१ ते २६. म्हणून तिचा विचार दुसऱ्या वर्षी करा. दरम्यान मोबाइलवरून सर्वेक्षण भरणं आणि एक्सेलमध्ये ती माहिती साफ करणं शिकून घ्या.

प्रश्न : मुलगी लेखी परीक्षा पास झाली, पण कागदपत्र पडताळणीत नॉन-क्रिमीलेयरवरून अडली. असं का होतं?
— एक पालक, भोसरी

उत्तर : नॉन-क्रिमीलेयर म्हणजे कुटुंब आरक्षणातल्या उन्नत गटात मोडत नाही याचा दाखला. या प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. जाहिरातीनं सांगितलेल्या तारखेला ते चालू असावं लागतं. पडताळणीच्या दिवशी नवं दाखवून चालेलच असं नाही. एप्रिलमध्ये सेतूवर आणि तहसीलला गर्दी उसळते, म्हणून उत्पन्नाचे पुरावे मार्चमध्येच जमवून ठेवा. शिवाय दहावीची सनद, आधार आणि अर्ज यांतलं नाव अक्षरान् अक्षर ताडून बघा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत अर्ज भरण्याआधीच फाइलला लावलेली बरी.