टीव्हीला जोडलेला संगणक सतत चालू न ठेवता हवा तेव्हा लगेच कसा वापरता येईल?

असा संगणक बंद करण्याऐवजी 'स्लीप' अवस्थेत, म्हणजे एस-३ मध्ये ठेवावा. रिमोटचे बटण दाबताच तो काही सेकंदांत जागा होतो. या अवस्थेत प्रोसेसर, डिस्क आणि पंखे थांबतात व केवळ रॅमला आणि जागे करणाऱ्या यूएसबी किंवा नेटवर्क पोर्टला वीज मिळत राहते, त्यामुळे वापर साधारणतः दोन-तीन वॅटवर येतो. चालू पण रिकामा बसलेला संगणक ४० वॅट घेतो असे धरले, तर रोजच्या २० तासांचे महिन्याला २४ युनिट होतात. स्लीपमध्ये तेच दोनाच्या आत राहतात. (सॉकेटला वॅटमीटर लावून आपल्या यंत्राचा आकडा पाहून घ्यावा.) विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये रिमोटच्या रिसीव्हरला संगणक जागा करण्याची परवानगी द्यावी. नेटवर्क कार्डाला मात्र ती केवळ 'मॅजिक पॅकेट'पुरती (संगणक जागा करण्यासाठीच नेटवर्कवरून पाठवल्या जाणाऱ्या खास संदेशापुरती) द्यावी, अन्यथा घरातील दुसऱ्या एखाद्या उपकरणाच्या साध्या विचारपुशीनेही तो मध्यरात्री उठून पंखे फिरवत बसतो. वीज वारंवार जात असल्यास 'हायब्रिड स्लीप' निवडावे, कारण त्यात रॅममधील मजकुराची प्रत डिस्कवरही ठेवली जाते. तथापि, अनेक नव्या यंत्रांत, विशेषतः लॅपटॉपमध्ये, एस-३ ऐवजी 'मॉडर्न स्टँडबाय' असते आणि त्यात काही कामे पडद्यामागे चालूच राहतात. तेथे ठरावीक वेळेनंतर 'हायबरनेट' (रॅममधील मजकूर डिस्कवर ठेवून यंत्र बंद होणे) लावणे इष्ट, मग जागे होण्यास थोडा अधिक वेळ लागला तरी चालेल.