‘हे सगळं माझंच आहे’

प्रश्न : ताई, आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला गेल्या महिन्यात एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणाऱ्या स्थितीचं, निदान झालं. डॉक्टर लक्षणं सांगत असताना माझी पत्नी रडायला लागली. घरी येऊन म्हणाली, ‘हे सगळं माझंच आहे.’ ती ३६ वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते, कामात हुशार आहे. पण रेल्वेचा पास संपल्याचं दंड भरल्यावर कळतं, पैसे असून लाइट बिल राहतं, दूध सारखं उतू जातं. माझी आई तिला धांदरट म्हणते. खरं सांगतो, मीही चिडतो. मोठ्या बाईला हे असू शकतं का? मी काय करू?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : असू शकतं. एडीएचडी घराण्यात उतरतं, आणि मुलाचं निदान होताना आईला स्वतःची ओळख पटते, हे मी दादरला माझ्या खोलीत कितीदा पाहिलंय. मुलगे बाकावर चढतात म्हणून लक्षात येतात. मुली खिडकीबाहेर बघत गप्प बसतात आणि प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण लक्ष नसते’ एवढा शेरा मिळतो. माझी थोरली बहीण गिरगावातल्या आमच्या चाळीत रात्री तीन-तीनदा उठून दप्तर तपासायची. तरी सकाळी काहीतरी राहायचंच. आम्हाला राहिलेली वही दिसायची, तिचं ते उठणं कुणी मोजलं नाही. तुमच्या पत्नीनंही बँकेत चूक होऊ नये म्हणून दिवसभर किती जोर लावला असेल! घरी येईतो तो संपलेला असतो.

निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडूनच करून घ्या, मोबाइलवरच्या चाचणीवर थांबू नका. लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात, म्हणून तिची जुनी प्रगतिपुस्तकं शोधा, तिच्या आईला विचारा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोप, नैराश्य हेही तपासलं जाऊ दे. केईएम, नायर, सायन इथे मानसोपचार विभाग आहेत. पाळीच्या आधी विसरभोळेपणा वाढतो का, याची दोन महिने नोंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. औषधांचा अनेकांना चांगला उपयोग होतो. घ्यायची की नाही, ते तिनं आणि डॉक्टरांनी ठरवावं.

आता तुमचं काम. ‘बिल भरलंस का?’ असं रोज विचारणं म्हणजे मदत नव्हे, ती परीक्षा झाली. लाइट बिल पूर्ण तुमच्याकडे घ्या, तिला त्याची आठवणही ठेवायला लागू नये. पास तिमाही काढा, म्हणजे वर्षात बाराऐवजी चारच वेळा लक्षात ठेवावं लागेल. दुधाला शिट्टीचा मिल्क कुकर आणा. ती चपला घालत असताना आतून तीन कामं ओरडून सांगू नका. एकच सांगा, बाकीची दाराजवळच्या फळ्यावर लिहा. पण हे सगळं तिला विचारून करा. काय जड जातं, ते तिच्याइतकं कुणाला कळणार?

आणि आईंशी तुम्ही बोला, ते तिच्यावर टाकू नका. ‘धांदरट’ हा शब्द घरातून गेलाच पाहिजे. तुमचा मुलगा तो रोज ऐकतो, आणि आईला जे आहे तेच आपल्यालाही आहे, हे त्याला कळायला वेळ लागणार नाही.